खापरी आणि दवाची वाटी

माणूस नव्हता, गाव नव्हतं, रडायलासुद्धा कुणी नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. होते ते दोन देव. सख्खे भाऊ, आणि दोघेही पक्के भांडकुदळ. एक तापोबा, लालबुंद, नाकातून ठिणग्या सोडणारा. दुसरा गारोबा, काळानिळा, दाढीतून गारा झाडणारा. भांडण कशाचं? तर मधल्या डोंगरावर बसायचं कुणी, याचं! अरे, डोंगर केवढा थोरला, दोघे मांडी घालून बसले असते तरी जागा उरली असती. पण नाही.

आणि स्वतः लढायचे का? छे! स्वतः लढलं की स्वतःचं नाक फुटतं ना. म्हणून दोघे मातीच्या बाहुल्या करायचे. तापोबाच्या लाल मातीच्या, गारोबाच्या काळ्या मातीच्या. डोळ्यांच्या जागी गुंजा लावायच्या, एक फुंकर मारायची आणि सकाळी म्हणायचं, "चला, मरा!" फुंकर देवाची, म्हणून पायही देवाचंच ऐकायचे. मन कितीही नको म्हणो, पाय आपले चालायला लागायचे. दिवस मावळेपर्यंत माळावर नुसत्या खापऱ्या.

त्या खापऱ्या वेचायला एक पोर होती. नाव तिचं खापरी. तापोबाने घाईघाईत घडवलेली, डाव्या हाताला तीनच बोटं. लढायच्या कामाची नाही म्हणून डोक्यावर टोपली दिलेली. रोज कंबर मोडेपर्यंत वाकायची आणि वेचायची. कुणाचा हात, कुणाची वेणी, कुणाचं अर्धं हसू. लाल आणि काळे तुकडे एकाच टोपलीत घालायची, म्हणून तापोबाचे धपाटेही खायची. पण वेगळे करायची नाही म्हणजे नाही.

एका संध्याकाळी टोपलीत तिला तिच्या मैत्रिणीचा, बोळकीचा डोळा सापडला. लालचुटुक गुंज, वर काळा टिपका. खापरीने ती मुठीत घट्ट धरली. तेवढ्यात तापोबाने बोट दाखवलं, "उद्या ही जाईल लढायला." बोट होतं इवलीकडे. गुडघ्याएवढी इवली, त्याच दिवशी घडवलेली, अजून अंगाला ओल होती तिच्या.

"ताई, लढाई म्हणजे काय गं?" इवलीने विचारलं.

"तू नीट वाळ आधी," खापरी म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

उजाडता उजाडता ती देवांच्या बागेत शिरली. इवलीच्या टाचेला तडा गेला होता, तो बुजवायला मऊ माती हवी होती. काय ती बाग! तेरडा गुलाबी फुललेला, जांभळा फुललेला, जुईच्या चिमुकल्या कळ्या चांदण्यांसारख्या लुकलुकत होत्या, पानापानावर दवाचे मोती. खापरीला त्यातलं काही दिसेना. ती रागाने पाय आपटत चालली होती.

"अगं, अगं! माझं दव सांडवलंस की!"

तेरड्याच्या फुलातून एक परी डोकावली. बोटभर उंचीची. चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख, त्यांवर सात रंग खेळत होते. तिने फणफणणाऱ्या पोरीकडे पाहिलं आणि तिचा आवाज मऊ झाला. "घसा कोरडा पडलाय तुझा, बाळ. घे, दव पी." तिने शिंपल्याची इवलीशी वाटी पुढे केली. ओठांना लावली तर तहान भागेपर्यंत दव संपेना.

खापरीचा जीव निवला. मग तिने वाटी उलटसुलट करून पाहिली, मूठ उघडली आणि तिच्याजवळ होती नव्हती ती एकच वस्तू, बोळकीची गुंज, वाटीत ठेवली.

"हे काय गं?"

"रिकामी वाटी परत देऊ नये, परीमावशी."

परीच्या डोळ्यांत पाणी चमकलं. "देव रोज माझ्याकडचं दव पितात आणि वाटी आपटून जातात. तू पहिलीच. माग, काय हवं ते माग. पण एकच इच्छा, आणि तिला अटी आहेत. मोडलेलं सांधून मिळणार नाही. देवांचं मरण मिळणार नाही. आणि माझ्या हातून जे मागशील ते सगळ्यांना मिळेल, फक्त तुला मिळणार नाही."

"ही कसली गं मेली अट!"

"अट मी नाही घातली, बाळ. आणि हे बघ, रागात काही मागू नये. आधी शांत हो."

"शांत?" खापरी कडाडली. "तुझ्या वाटीत आहे तो माझ्या मैत्रिणीचा डोळा आहे! मला राग नाही यायचा तर कुणाला येणार? त्या दोघा ऐदी देवांना?"

परीने वाटीतल्या गुंजेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "खरं आहे तुझं. माग, रागातच माग."

"आम्ही देवांच्या उसन्या फुंकरीवर चालतो, म्हणून मरतो. सगळ्यांना आपापला श्वास दे. नाही म्हणायला श्वास लागतो."

"काळ्या बाहुल्यांनाही?"

"त्यांनी माझं काय नेलंय? त्यांच्याही खापऱ्या मीच वेचते."

परीने वाटीत फुंकलं. सोनेरी, हिरवं, मोरपिशी धुकं उठलं आणि झुळझुळत माळावर उतरलं.

माळावर दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे इवली. तापोबा गरजला, "चला, मरा!"

पाय हललाच नाही कुणाचा. इवलीने खाली पाहिलं. तिची छाती वर होत होती, खाली होत होती, वर होत होती. तिला गुदगुल्या झाल्या. तिने मोठ्ठा श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली.

आपल्या श्वासाने बाहुलीचं माणूस झालं, आणि जगात माणसाने उच्चारलेला हा पहिला शब्द. मग लाल फौज म्हणाली, नाही. काळी फौज म्हणाली, नाही. डोंगर दणाणला.

"कुणी केलं हे?" दोन्ही देव ओरडले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

"मी केलं," टोपली घेऊन येणारी खापरी म्हणाली. "काय करायचं ते करा."

तापोबाने आपली फुंकर सर्रकन ओढून घेतली. खापरी जागच्या जागी कोसळली. टोपली घरंगळत गेली.

"ताई!" इवली धावली. परीही धुक्यामागून तिथे आली होती, एका हातात गुंज आणि एका हातात वाटी धरून रडत होती. "माझ्या हातून तिला काही मिळत नाही गं. अट आहे."

इवलीने डोळे पुसले. "तुझ्या हातून नको. आमच्या हातून चालेल ना? तिने आम्हांला दिलं. ताई कालच सांगत होती, रिकामी वाटी परत देऊ नये." तिने वाटी घेतली आणि आपल्या नव्या कोऱ्या श्वासातला थोडा श्वास तिच्यात सोडला. लगेच वाटी मागे गेली. लाल हातातून काळ्या हातात, काळ्यातून लाल हातात.

"अरे, ती शत्रूची आहे!" गारोबा आपल्या फौजेवर खेकसला.

"एवढी खुमखुमी असेल तर तूच ये ना खाली," एक आडदांड काळी बाई म्हणाली. "बघू तुझं नाक किती पक्कं आहे ते!"

वाटी काठोकाठ भरली. इवलीने ती खापरीच्या ओठांशी ओतली. क्षणभर काहीच झालं नाही. मग खापरी शिंकली, एवढ्या जोरात की तापोबा दचकला. तिने एक डोळा उघडला.

"गेले का हे दोघे, का अजून इथेच आहेत?"

दोन्ही देवांनी एकमेकांकडे पाहिलं. मध्ये आता बाहुल्या नव्हत्या. दोघांनीही आपापलं नाक चाचपलं. तापोबा उन्हात चढून बसला, गारोबा ढगाआड, आणि डोंगर राहिला मोकळा. त्यावर आता शेरडं चरतात.

परी हसली. बोळकीची गुंज तिने छातीशी धरली आणि तिच्या झिरझिरीत पंखांतून असा लख्ख उजेड फुटला की सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा परी नव्हती. वाटी तेवढी खापरीच्या तीन बोटांच्या हातात होती, दवाने भरलेली.

तेव्हापासून माणूस श्वास घेतो तसा सोडतोही. धरून ठेवून बघा बरं, जमतं का! तो दुसऱ्याचा वाटा आहे, वाटीतला. शेतात कुठे खापराचा तुकडा दिसला तर खेळायला खुशाल घ्या, पण लाथ मारू नका. कुणाचं तरी अर्धं हसू असेल ते. आणि कधी कुणी उंचावर बसून तुम्हांला म्हणाला, "चला, मरा," तर भिऊ नका, पोरांनो. श्वास तुमच्याकडे आहे, आणि त्याचं काय करायचं ते इवलीने दाखवून ठेवलंय.