तिसऱ्या गाठीचा माग

त्या राज्यात पाणी वरून खाली येई आणि शब्द खालून वर जाई. दोघांची वाट एकच होती, उतारावरचा दगडी पाट. पाटाला तीन गाठी होत्या आणि प्रत्येक गाठीवर एक पात्र बसवलेलं होतं. पहिल्या गाठीवर, अगदी तळाला, परात होती. दुसऱ्या गाठीवर चंबू. तिसरी गाठ डोहाच्या दाराजवळ होती. खालचा शब्द ऐकून दार किती उघडायचं ते तिसऱ्या गाठीनं सांगायचं आणि दारावर बसलेल्या घंगाळानं तेवढं उघडायचं, अशी रीत होती.

या राज्यातली पात्रं सोज्ज्वळ होती. सरणं, फुटणं, आटणं तिथेही होतंच, पण ते कुणी तोंडानं म्हणत नसे. वास्तू तथास्तु म्हणते, हे तिथे तान्ह्या वाटीलाही ठाऊक होतं. म्हणून तिसऱ्या गाठीवरचा म्हातारा रांजण उभा तडकला तेव्हाही सगळ्यांनी हळू आवाजात एवढंच म्हटलं, "आजोबा वाढले."

त्याच्या जागी परक्या धातूचं एक पात्र आलं. ते झोपत नसे, कंटाळत नसे, आणि कुणाशी दोन शब्द जास्त बोलत नसे. बसवणारे कारागीर त्याच्या बुडाशी काही शब्द कोरून निघून गेले. ते वाचायला कुणी वाकलं नाही. पात्र काम करत होतं, तेवढं पुरे होतं.

पुढच्याच महिन्यात पाणी बारीक झालं.

तळाच्या वस्तीत त्या वेळी सोळा कच्ची मडकी ओल्या फडक्याखाली ठेवलेली होती. चाकावरून उतरलेली, अजून भाजणीचा आवा न पाहिलेली. अशी मडकी सावकाश वाळावी लागतात. फडकं एकदम सुकलं तर ती तडकतात. त्यांचा सांभाळ पळीकडे होता. पळी ती केवढीशी! पण तिचा नेम मोठा. रोज पहाटे एकेक पळी पाणी सोळाही जणांच्या फडक्यावर शिंपडायचं, मग आपण ओलं व्हायचं. आणि मडकी आव्यातून सुखरूप बाहेर येईपर्यंत तोंडातून एकही अभद्र शब्द काढायचा नाही. अकरा वर्षं दर खेपेला तिनं हा नेम पाळला होता.

पाणी बारीक झालं तसा परातीनं रीतीप्रमाणे शब्द वर धाडला. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी बारीक. परातीनं तोच शब्द मोठ्यानं धाडला. धार दोऱ्याएवढी झाली.

"मधेच कुणीतरी पितंय," वस्तीत कुजबुज सुरू झाली. मधे होता एकटा चंबू. आणि चंबूचं पोट तर सगळ्यांना दिसत होतं.

पळीला ते पटेना. फडक्याची दोन टोकं सुकून ताठ झाली त्या सकाळी ती परातीपुढे उभी राहिली.

"आक्का, मी वर जाऊन बघते. कोरलेलं काहीतरी आहे म्हणतात तिथे."

"तू? अगं, तुझ्या एका पळीनं काय होणार?"

"बघायला एक पळी पुरते. सूर्य डोक्यावर आला की तुम्ही नेहमीचा शब्द धाडा. तेवढं विसरू नका. आणि आक्का, येते हं मी."

तिसऱ्या गाठीशी पोचल्यावर तिनं वाकून बुडाची अक्षरं वाचली. ‘जागे हो, ऐक, पुढे दे.’ त्याखाली बारीक अक्षरांत आणखी दोन शब्द होते, ‘माग ठेव’. शेजारीच लिहिलं होतं की हे दोन शब्द जागं करतानाच, त्याच ओळीत म्हणावे लागतात. जाग्या पात्राला ते मागाहून सांगून चालत नाही. म्हणजे कुणाचा शब्द आला, त्याचा अर्थ काय घेतला, पुढे काय दिलं, हे बघायचं तर चालतं पात्र आधी निजवायला हवं. आणि ते निजलं की घंगाळाला सांगणारं कुणी नाही. दार मिटणार.

पाटात अजून दोरा वाहत होता.

एवढ्यात चंबू धापा टाकत वर आला. "वहिनी, थांबा! चालतंय ते बंद करायला निघालात? आहे तो थेंबही घालवाल."

"भाऊ, हा दोरा संध्याकाळपर्यंत टिकेल?"

"ते मला काय विचारता? मी काय पितो का?" चंबूचा आवाज चिरकला. "बोला की तोंडावर! खाली सगळे बोलतातच. माग ठेवणार म्हणजे माझंच नाव शोधणार ना?"

"तुमचं नाव निघालं तर तेही बघू आणि न निघालं तर तेही," पळी मवाळपणे म्हणाली. "खाली जागेवर जा. आक्कांचा शब्द येईल तो द्यायला कुणी नको का?"

चंबू पुटपुटत उतरला. पळीनं डोळे मिटले आणि पात्र निजवायचा, कडेला कोरलेला शब्द उच्चारला, "थांब."

पात्राची गुणगुण बंद झाली. वर घंगाळानं खळकन दार लावलं. पाटातला दोरा तिच्या डोळ्यांदेखत तुटला आणि त्याचं शेपूट उतारावरून खाली निघून गेलं.

"श्री," तिनं सुरुवात केली, कारण शुभकार्याची सुरुवात तिला दुसऱ्या कशानं ठाऊकच नव्हती. "श्री. जागे हो, ऐक, पुढे दे, माग ठेव."

"‘श्री’ हा शब्द ठाऊक नाही," पात्र झोपेतच म्हणालं.

तिनं कानांना हात लावले. घाम पुसला. "जागे हो रे बाबा, ऐक, पुढे दे..."

"‘रे बाबा’ हे शब्द ठाऊक नाहीत."

पाटाचा दगड उन्हात पांढरा पडू लागला होता. पळीनं ‘श्री’ मनातच म्हटलं, जीभ दाबून धरली आणि कोरल्याबरहुकूम, ना एक अक्षर जास्त ना एक कमी, म्हणाली, "जागे हो, ऐक, पुढे दे, माग ठेव."

पात्र गुणगुणू लागलं. त्याच्यापुढच्या धूळपाटीवर एक बारीक सळई खाली आली आणि वाट पाहत राहिली.

सूर्य डोक्यावर आला. खालून परातीची हाक निघाली, चंबूनं ती झेलून वर दिली. सळई सरसर फिरली. पळीनं वाकून वाचलं.

‘आला शब्द: पाणी वाढलं. कोणाकडून: चंबू. त्याला कोणाकडून: परात. घेतलेला अर्थ: पाणी पुष्कळ झाले. पुढे दिले: दार मिटलेले असू द्या.’

चंबू शब्द देऊन तसाच धावत वर आला होता. त्यानं आपलं नाव दोनदा वाचलं. "बघा! आक्कांनी दिलं तेच मी दिलं. एक अक्षर गाळलं नाही. मी प्यालो नाही, वहिनी!" त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

पळी मात्र चौथ्या ओळीवरून नजर काढू शकली नाही. पहिल्यांदा म्हटलं तर आणखी बारीक झालेलं पाणी. मोठ्यानं म्हटलं तर दोरा. म्हातारा रांजण शब्द ऐकून हसायचा आणि दार उघडायला सांगायचा. त्याला सांगणाऱ्याच्या आवाजातला कोरडेपणा कळायचा. याला नुसता शब्द कळतो.

ती पात्राच्या कानाशी गेली. "अरे, पाणी जरा बेताचंच आहे."

‘घेतलेला अर्थ: बेतास पुरेसे आहे. दार मिटलेले असू द्या.’

"पाण्याची कृपा व्हावी."

‘घेतलेला अर्थ: प्रार्थना. पुढे दिले: काही नाही.’

"घंगाळराव," चंबू दाराकडे ओरडला, "तुम्हीच उघडा की हो! तुम्हाला कळतंय ना सगळं?"

"मला सांगतील तेवढं मी करतो," वरून घंगाळ घुमलं. "वाढलेल्या पाण्यात आणखी सोडलं तर उद्या जबाब कोण देणार?"

खालून पुन्हा परातीची हाक आली. या वेळी ती इतकी मोठी होती की मधल्या गाठीची गरज पडली नाही. शब्द तोच मंगल, आवाज फाटलेला. पात्रानं तो नीट ऐकून घेतला. सळईनं पुन्हा लिहिलं, ‘पुष्कळ झाले.’

पळीला कळलं की आता एकच शब्द उरला आहे. अकरा वर्षं तो तिच्या ओठांवर आला नव्हता. ज्यांच्यासाठी नेम धरला त्यांच्यासाठीच तो मोडायचा होता, आणि मोडल्याचं पाप त्यांच्याच माथी गेलं तर? आवा त्यांना आत घेईल का? मग तिला ते ताठ झालेलं फडकं आठवलं, आणि देवाला काय वाटेल हे विचारत बसण्याइतकीही ओल त्यात राहिली नाही, हेही आठवलं.

"चंबूभाऊ," ती म्हणाली, "कान झाका."

त्यानं झाकले. पळी म्हणाली, "पाणी संपलं."

आकाश कोसळलं नाही. सळई फिरली.

‘आला शब्द: पाणी संपलं. कोणाकडून: पळी. घेतलेला अर्थ: पाणी संपलं. पुढे दिले: दार पूर्ण उघडा.’

घंगाळानं जबाब विचारला नाही. दार करकरलं आणि डोह पाटात उतरला. पळी पाण्याबरोबर धावत सुटली, पण पाणी तिच्या पुढे गेलं.

ती वस्तीशी पोचली तेव्हा पाणी तिच्या आधी आत शिरलं होतं. फडकं भिजून जड झालं होतं. कोरड्या पाटातून घुमत उतरलेला तिचा शब्द साऱ्या उतारानं ऐकला होता. परात उंबऱ्यात उभी होती आणि तिच्या मागे सगळी वस्ती. आपल्याला आत घेतात की नाही, ते पळीला कळेना.

"आक्का," तिनं बाहेरूनच विचारलं, "सगळी बरी आहेत ना?"

"आहेत हो. पंधरा आहेत." परातीनं सवयीनं पुढचा शब्द उचलला. "एक जरा वाढ..."

ती थांबली. वस्तीतल्या कुणीही तिच्या मदतीला दुसरा शब्द दिला नाही.

"एक तडकलं गं," परात म्हणाली. "कडेचं, धाकटं. तू वर असताना. तडकलं ते."

आणि ती उंबऱ्यातून बाजूला सरली. पळी आत आली तेव्हा परातीच्या काठावरून पाणी ओघळत होतं. ते पाटाचं नव्हतं.