शिकंज्याचे लाकडी जबडे

हत्यारं बोलायची आणि सुतार त्यांचं ऐकायचे, तेव्हाची गोष्ट. भिवा सुताराने आपल्या जुन्या बाभळीच्या बाकाला खाच पाडून लाकूड धरायला नवा लोखंडी शिकंजा बसवला.

शिकंजा लगेच मिरवू लागला, "माझ्यासाठी या म्हाताऱ्याला कापलं!"

बाक एवढंच म्हणाला, "धर बाबा, पण चावू नकोस."

पहिलीच आली पाळण्याची दांडी. शिकंज्याने ती अशी आवळली, की दोन्ही बाजूंना दात उमटले.

"हा तर काढूनच टाकतो," भिवा वैतागला.

"थांबा मालक," बाक म्हणाला, "खाचेतून निघालेला माझा तुकडा याच्या जबड्यांना लावा."

भिवाने तो तुकडा मधोमध चिरून दोन्ही जबड्यांवर बसवला.

दुसरी दांडी धरताना शिकंज्याने बाकाला हळूच विचारलं, "आजोबा, तुम्हाला दुखत नाही ना?"