सुतारपक्ष्याची दुप्पट उंबरं

आमचे हे फ्रीज दुरुस्त करतात; महिन्यात तीस झाले की पुढच्या प्रत्येकाला दुप्पट कमिशन. हे तिथवर पोचतील का, या काळजीने मला झोप नाही. लेकीला, ईराला, गोष्ट सांगायला बसले, तर गोष्टही तसलीच निघाली.

फार पूर्वी एक सुतारपक्षी झाडांची कीड काढायचा. रानाचा कारभारी धनेश त्याला दर झाडाला एक उंबर देई, दहा झाडं झाली की पुढच्या प्रत्येकाला दोन. त्याची पिल्लं राहत त्या जांभळालाच खोल कीड लागली.

“दादा, आधी मला बघ ना,” जांभूळ म्हणालं.

“तुझ्यात अख्खा दिवस जाईल. पिल्लांना जास्त उंबरं नकोत का?” म्हणत तो धडधाकट झाडांवर टकटक करत सुटला.

दुप्पट उंबरं घेऊन परतला, तेव्हा जांभूळ पिल्लांसकट कोसळलं होतं.

ईरा अगदी मी रोज विचारते त्याच आवाजात म्हणाली, “आज बाबांचे किती फ्रीज झाले?”