उतारावरचं कुलूप

"थोपटली का नाही?"

सर्जेरावच्या हातात पाना तसाच होता. आवाज मात्र रस्त्यापलीकडच्या रसवाल्यापर्यंत गेला.

इलाही वस्तादांनी चहाचा कप हातात घेतला. गाडीभोवती एक चक्कर मारून ते परत आपल्या स्टुलावर येऊन बसले होते.

"तुम्हाला विचारतोय, वस्ताद. गाडी थोपटली का नाही?"

त्या गॅरेजची रीतच होती तशी. ब्रेकचं काम झालेली गाडी दारासमोरच्या उतारावर उभी राहायची. वस्ताद तिच्याभोवती फिरायचे आणि बैलाची पाठ थोपटावी तसं बॉनेट दोनदा थोपटायचे. थोपटलेली गाडी रस्त्याला लागायची. न थोपटलेली परत आत जायची.

आज तिथं इनामदारांची साठ सालची अमेरिकन गाडी उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. होडीएवढी लांब, शेपटीला माशासारखे पर. सर्जेरावनं तिच्या पुढच्या ब्रेकच्या नळीत कुलूप बसवलं होतं. पॅडल दाबायचं, डॅशबोर्डाखालचा खटका ओढायचा, की पाय काढला तरी तेल आत कोंडून राहतं. पुढची चाकं जखडलेली, मागची जागेवर गरगर फिरणार आणि मैदानभर टायरांचा धूर. उद्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडीनं असा धूर काढला, तर हायवेवरचा रिकामा गाळा सर्जेरावचा, असा इनामदारांचा शब्द होता. त्याचं स्वतःचं गॅरेज.

त्याच इनामदारांसमोर मागच्या आठवड्यात वस्ताद बोलून गेले होते, "पोरगं अजून कच्चं आहे."

तो शब्द सर्जेरावच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. म्हणून तर वस्ताद जुम्म्याच्या नमाजाला गेले, तेवढ्यात त्यानं काम उरकलं. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली पडून हवा सोडायची. त्यानं कुणाला हाक मारली नाही. सीट आणि पॅडलच्या मधे फावड्याचा दांडा ठोकला आणि एकट्यानं हवा काढली.

"कुणी बसवलं हे?" वस्तादांनी विचारलं.

"मी. एकट्यानं."

"दिसतंय."

"काय दिसतंय? चूक दाखवा की! तेलाचा एक थेंब गळालेला दाखवा!"

वस्ताद सीटशेजारी पडलेल्या दांड्याकडे बघत होते.

"चूक नाही दिसत."

"मग थोपटा."

वस्तादांचा हात कपावरून हलला नाही.

"नाही थोपटायचे तुम्ही! पोरगं गाळा घेणार, आपल्या नावाची पाटी लावणार, हे बघवत नाही तुम्हाला. मिसरूड फुटायच्या आधी आलो इथं. तुमचे पाने पुसले, तुमची बोलणी खाल्ली. तरी कच्चाच! कधी पिकायचा मी? तुम्ही मेल्यावर?"

रसवाल्याच्या चरकाचे घुंगरू थांबले.

सर्जेरावला आपलेच शब्द ऐकू आले. मागं घ्यावेसे वाटले नाहीत.

"मेल्यावर म्हणालास?" वस्ताद उठले. "चल, बघू. दाब पॅडल. ओढ खटका. उतर खाली."

त्यानं पॅडल दाबलं, खटका ओढला आणि दारसुद्धा न लावता उतरला. वस्तादांनी पुढच्या चाकांना लावलेले दगड पायानं बाजूला केले.

गाडी हलली नाही.

"बघितलंत? डोंगर आहे डोंगर!"

वस्तादांनी स्टूल उचललं, गाडीच्या तोंडासमोर, उताराच्या अंगाला ठेवलं आणि गाडीकडे पाठ करून बसले. पाठ बंपरला टेकत होती.

"हे काय आता?"

"उभी आहे ना गाडी?"

"आहे."

"मग मीही बसलोय."

"बसा! संध्याकाळपर्यंत बसा!"

वस्तादांनी कपातला चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

…

सर्जेराव हाताची घडी घालून उभा राहिला. बघायचं नाही म्हणता म्हणता नजर पुढच्या चाकावर गेली आणि तिथंच खिळली. नळीच्या वरच्या वळणात हवेचा एखादा बुडबुडा राहिला असेल तर… नाही, काढली सगळी. शेवटचा नट? आवळला होता. रागात होतो, पण आवळला होता…

आवळला होता?

"वस्ताद, उठा."

"का रे?"

"उठा म्हणतोय ना!"

"चहा गरम आहे."

बारीकशी कुरकुर झाली. गाडीची, की पलीकडे पुन्हा फिरू लागलेल्या चरकाची, ते सर्जेरावला आजही सांगता येत नाही. त्यानं पाना फेकला, उघड्या दारातून आत उडी घातली आणि दोन्ही पायांनी पॅडल तळाला नेलं.

"हल की बाजूला, म्हाताऱ्या!"

वस्तादांनी मान वळवली नाही.

"पाय काढ."

"नाही काढत."

"कुलूप तुझंच आहे."

"असू दे! नाही काढत!"

तो शिव्या देत होता, आधी वस्तादांना, मग इनामदारांना, मग स्वतःला. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते त्याला कळलं नाही. पॅडल मात्र त्यानं तसूभर वर येऊ दिलं नाही.

वस्तादांनी सावकाश बशी संपवली. उठले. दगड उचलून पुन्हा चाकांना लावले, बुटाच्या टाचेनं घट्ट बसवले.

तरी सर्जेरावचे पाय पॅडलवरच.

"इनामदार येतील आता." त्याचा आवाज फाटला होता. "काय सांगू त्यांना? गाळा जाईल माझा, वस्ताद."

वस्तादांनी उघड्या दारातून हात आत घातला आणि त्याची थरथरणारी मांडी थोपटली. दोनदा.

"हे बरोबर बसलंय," ते म्हणाले. "ते कुलूप काढून टाक."