मघाचा आकडा

“नळी जागेवर होती. नऊ सेकंदांत घातली. घातली तेव्हा पडद्यावर ऑक्सिजनचे चौऱ्याण्णव होते. मग माणूस गेला कशाने, मॅडम?”

अतिदक्षता विभागाला लागून एक लहानशी खोली आहे. दुपारी तीनच्या सुमाराला तिथे हा प्रश्न विचारला गेला.

विचारणारा डॉ. निषाद लोवलेकर. श्वास अपुरा पडलेल्या माणसाच्या घशातून नळी घालण्यात त्याचा हात फार चांगला होता, आणि ही गोष्ट इतरांच्या आधी त्यालाच कळली होती.

समोर बसल्या होत्या डॉ. रझिया मुकादम. बत्तीस वर्षं भूल देत आलेल्या. बोलणं मोजकं, आणि विद्यार्थ्यांनी शहाणपणा दाखवला की चष्मा पुसत बसायची सवय.

आठवड्यापूर्वी सात नंबरच्या खाटेवरचे तांडेल गेले होते. निषादने त्यांचा ऑक्सिजनचा मास्क काढला, श्वासही थांबवणाऱ्या औषधाने शरीर सैल केलं, ते सैल होईपर्यंत मिनिटभर थांबला आणि नळी घातली. सगळं नीट झालं. त्यानंतर दोन मिनिटांत हृदय थांबलं. तेव्हापासून निषादला धड झोप नव्हती. आपलं काय चुकलं ते त्याला सापडतच नव्हतं.

“आधी ऑक्सिजन किती वेळ दिलास?” मॅडमनी विचारलं.

“थोडा. तीन-तीन मिनिटं वाट कोणी बघायची? ज्यांचा हात हळू चालतो त्यांनी.”

मॅडमनी चष्मा पुसला. मग उठल्या आणि ऑक्सिजन मोजायचा चिमटा त्याच्या बोटाला लावला.

अठ्ठ्याण्णव.

“सगळा श्वास बाहेर सोड. उरलासुरलाही… आता धर.”

निषादने धरला. हसतच धरला. पंधरा सेकंदांनी हसू गेलं. पंचविसाव्याला पोट आत ओढायला लागलं. डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचू लागले. आकडा अठ्ठ्याण्णवच.

“धर.”

…

चाळिसाव्या सेकंदाला त्याने तोंड उघडून हवा ओढली.

“बघा,” तो धापा टाकत म्हणाला. “हललासुद्धा नाही.”

“बघत राहा.”

सत्त्याण्णव.

चौऱ्याण्णव.

निषाद आता मोकळा श्वास घेत होता. खोलीत हवा भरपूर होती, खिडकी उघडी होती. आकडा उतरतच होता. त्याने आणखी खोल श्वास घेतला. एक्क्याण्णव. आणखी खोल घेतला. एकोणनव्वद.

त्याच्या मानेवर काटा आला.

“मॅडम, मी तर श्वास घेतोय.”

“हो.”

“मग हा गुदमरतोय कोण?”

“मघाचा तू. रक्ताबरोबर बोटापर्यंत आत्ता पोचतोयस.”

पडद्यावर आकडा पुन्हा वर चढला, पण निषादला त्याचा आता भरवसा वाटेना.

“म्हणजे तांडेलांचे ते चौऱ्याण्णव…”

मॅडमनी त्याच्या बोटाचा चिमटा काढून घेतला.

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या. “मॅडम, तीन नंबर दमल्या.”

तीन नंबरला सुगंधा पाष्टे होत्या. अंगणवाडी चालवणाऱ्या, वय चाळीसच्या आत. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं धरली होती. ओठ निळे पडलेले. आकडा चौऱ्याऐंशी.

“कोणीतरी पाय धरून खाली ओढतंय हो,” त्या निषादकडे बघत म्हणाल्या. “पाण्यात.”

निषादचा हात आपोआप नळीकडे गेला. मॅडमनी त्या हातात मास्क दिला.

“घट्ट धर. तीन मिनिटं. आत साठा होऊ दे.”

सिस्टरनी खाटेचं डोकं वर केलं. नाकात ऑक्सिजनची बारीक नळी घातली. मास्क निघाला तरी ती तशीच राहणार होती. पाष्टेबाई मास्क ढकलू लागल्या. त्यांनी निषादच्या मनगटात नखं रुतवली. त्याला भयंकर भीती वाटली. दोन वेळा त्याने मॅडमकडे पाहिलं, दोन्ही वेळा त्या बाईंच्या छातीकडेच बघत होत्या.

“श्वास घ्या, पाष्टेबाई,” तो म्हणाला. “मी इथेच आहे. घ्या… सोडा… घ्या.”

शहाऐंशी. नव्वद. हळूहळू नखं सैल झाली.

सत्त्याण्णव. निषादने मान वर केली.

“अजून,” मॅडम म्हणाल्या.

…

मग औषध गेलं. छाती थांबली. आता त्या खाटेवर कोणीच श्वास घेत नव्हतं, आणि थोड्या वेळाने निषादच्या लक्षात आलं की आपणही घेत नाही आहोत.

त्याने मास्क काढला. या वेळी नऊ सेकंदांच्या जागी वीस लागले. नळी आत गेली, तिला जोडलेला हवेचा फुगा दाबला, छाती वर आली. दोन्ही बाजूंना सारखी.

आकडा सत्त्याण्णव.

निषादचे डोळे भरून आले. ते पुसावेत हेही त्याला सुचलं नाही.

“सत्त्याण्णव, मॅडम. वाचल्या त्या.”

मॅडमनी पडद्याकडे पाठ फिरवली. पाष्टेबाईंच्या मानेवर दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

“या मघाच्या,” त्या म्हणाल्या. “आत्ताच्या अजून यायच्यात. फुगा दाबत राहा.”