शेजारचा विस्तव

नर्मदेच्या काठाने एकदा एक वृद्ध परिक्रमावासी आणि त्यांचा शिष्य पायी चालले होते. शिष्य तसा वयस्क, नोकरीतून निवृत्त झालेला, एकटा गृहस्थ. घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी बिनसलेले. भिंतीला भिंत लागून असूनही दोन्ही घरांत बोलणे उरले नव्हते. मनाला शांती लाभावी म्हणून तो नदीच्या या प्रदक्षिणेला निघाला होता. वाट सरत होती, शांतीचा मात्र पत्ता नव्हता.

रोज संध्याकाळी मुक्कामी मिळालेला शिधा शिजवायचा असे. झोळीत काडेपेटी होती. तरीही गुरू त्याच्या हाती गोवरीचा तुकडा देऊन म्हणत, "जा, जवळच्या घरून विस्तव घेऊन ये."

शिष्य जाई, पण लगेच परतणे काही जमत नसे. कुठे एखादी आजीबाई 'बैठो बेटा' म्हणून गावाची, घरादाराची चौकशी करी. कुठे कुणी पायाचे फोड पाहून तेल काढून देई. एकीने तर नवऱ्याच्या आजारपणाची सगळी कर्मकहाणी ऐकवली आणि वर लोटाभर ताक पाजले. इकडे पोटात कावळे ओरडत, आणि गुरू आपले खुशाल नदीकडे पाहत बसलेले!

एका संध्याकाळी वारा सुटला होता. आणलेला निखारा वाटेतच विझला. "पुन्हा जा," गुरू म्हणाले. आता मात्र शिष्याचा संयम सुटला.

"महाराज, काडेपेटी जवळ असताना लोकांच्या दारात कशाला जायचं? लहानपणी ठीक होतं. आई आम्हा दोघांना शेजारी पिटाळायची. मी गोवरी धरायचो, दादा फुंकर घालायचा. घरी पोचेपर्यंत दोघांची तोंडं राखेनं माखलेली. आई इतकी हसायची..."

"दादा हल्ली काय करतो?"

"काय ठाऊक! आमच्यात आता विस्तव जात नाही."

बोलून गेला, आणि आपलाच शब्द कानी पडताच तो थबकला.

गुरू हळुवारपणे म्हणाले, "चूल थंड राहिली तरी ज्याच्या दारात जायचं नाही, तो वैरी. जुन्या माणसांनी वैर असं मोजलं. काडेपेटी आली, बाळा, आणि कुणाची गरज उरली नाही. गरज संपली की माणसं आधी दुरावतात, भांडायला निमित्त मागाहून सापडतं. विस्तव मागायला गेलं की घटकाभर बसावं लागतं, दुसऱ्याचं ऐकावं लागतं. म्हणून तुला धाडत होतो."

गोवरी उचलून शिष्य पुन्हा गेला.

परिक्रमा पुरी करून तो गावी परतला, तेव्हा स्वतःच्या घराचे कुलूप काढण्याआधी दादाच्या दारात उभा राहिला. हाकलून दिले तर?

"वहिनी, थोडा विस्तव मिळेल का?"

वहिनी पाहतच राहिल्या. मग हसू आणि रडू एकदमच आले त्यांना. "अहो भावोजी, आता गॅस आहे. विस्तव कुठला आणू?"

आतून दादाचा खाकरण्याचा आवाज आला. "विस्तव नाही म्हणावं. जेवायला बस म्हणावं."

किती वर्षांनी दादा त्याच्याशी बोलला होता. वहिनींच्या मार्फत का होईना, पण बोलला होता.