तळकोटात लेकरांना न विचारायचा प्रश्न

तळकोट हे शहर आटलेल्या तळ्याच्या पोटात वसलेलं आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की डाव्या हाताला चोरपेठ लागते. रिकामी, पण झाडूनपुसून ठेवलेली. तिथे एखाद्या पाहुण्याच्या पोराने कोनाड्यातली पणती फोडली, तरी पेठ दाखवणारे म्हातारे बापूशेट "कोणी केलं रे हे?" असं विचारत नाहीत. पोराच्या आईबापांनाही विचारू देत नाहीत. तुकडे उचलतात, ओट्यावर टेकतात आणि सांगू लागतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही गोष्ट पेठेतल्या भिवराच्या उडालेल्या झोपेपासून सुरू होते.

भिवराची झोप उडाली होती ती शिपायांच्या भीतीने नव्हे, म्हणे. तिला धास्ती होती आपल्या लेकीच्या, मंजीच्या एका शब्दाची.

त्या काळी पेठेत राजमान्य चोर राहत. त्यांचेही नियम होते. चुलीवरचं उचलायचं नाही, बाळंतिणीच्या घरात शिरायचं नाही. पण सगळ्यांवर होती ती पेठेची आण: चोरीबद्दल कुणी विचारलं, तर केली म्हणायचं नाही आणि केली नाही असंही म्हणायचं नाही. कारण निर्दोष माणूस 'मी नाही' म्हणाला, की गप्प राहणारा आपोआप चोर ठरतो. म्हणून सगळ्यांनीच गप्प राहायचं. ही आण काही खुळेपणाची नव्हती. तिने पिढ्यान्‌पिढ्या पेठ तारली होती.

मग एका दुष्काळी वर्षी भरदुपारी राजाचं धान्याचं कोठार लुटलं गेलं. दोन पहारेकरी मेले. बोट चोरपेठेकडे गेलं. दुसरीकडे कुठे जाणार? खरं तर त्या दुपारी अख्खी पेठ भिवराच्या अंगणात मंजीच्या जावळाचं जेवत होती. पुरणपोळी कमी पडली म्हणून रुसवेफुगवेही झाले होते. एवढं सांगायला एक तोंड पुरे होतं, पण आणेने सगळीच तोंडं शिवलेली.

कोतवाल रायाजी बिचारा भला माणूस. दरबाराने पेठ खाली करण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्यानेच वाट शोधली. आण न घेतलेल्या कुणाची तरी साक्ष आणा, म्हणाला. पेठेत दुधाचे दात पडू लागले की पोरांना आण देत. त्या वयाखालचं, बोलता येणारं लेकरू एकच होतं: तीन वर्षांची मंजी.

सगळ्यांना हायसं वाटलं. भिवराला मात्र घाम फुटला. कारण कौतुकाच्या भरात तिनेच मंजीला शिकवलं होतं. दूध कोणी संपवलं? मी. शहाणं कोण? मी. उत्तर आलं की टाळ्या. शेजारणी थट्टा करत, "भिवरे, तुझी लेक उद्या सूर्यही आपणच उगववला म्हणेल." तेव्हा ती हसायची. आई असून लेकीला काय शिकवावं एवढंही कळू नये?

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी तिने मंजीला मांडीवर घेतलं.

"मंजे, कोठार कोणी फोडलं?"

"मी."

"असं नाही म्हणायचं, बाळा. म्हण, ठाऊक नाही."

"ठाऊक नाही मी," म्हणून मंजीने स्वतःच टाळ्या पिटल्या.

पेठेची म्होरकी पुतळाआत्या दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आता पुरे कर, पोरी. पढवलेलं पोपटासारखं बाहेर येतं. कोतवाल विचारील नीट."

नीट म्हणजे कसं, हीच भिवराची चिंता होती. 'जावळाला कोण जेवायला आलं होतं?' असं विचारलं असतं, तर मंजीने अख्खी पेठ मोजून दाखवली असती. पण ते कोतवालाला सुचवायचं तर जावळाचं सांगावं लागणार, आणि तेच तर आण सांगू देत नव्हती.

चावडीवर रायाजी मंजीपुढे उकिडवा बसला. मायेनेच विचारलं त्याने, असं सांगतात. "बाळ, कोठार कोणी फोडलं, सांगशील?"

"मी," मंजी म्हणाली आणि टाळ्यांची वाट पाहत राहिली.

लोक हसले. दरबाराचा कारभारी हसला नाही. "लेकरू घरात ऐकतं तेच बोलतं," तो म्हणाला. "पेठेतून कबुली आली. लेकीला आणि आईला आत घ्या."

शिपायाने मंजीचा दंड धरला, आणि भिवराच्या तोंडून निघून गेलं, "तिने नाही केलं हो."

कारभाऱ्याने शांतपणे विचारलं, "बरं. तिने नाही. मग हे बाकीचे का गप्प आहेत?"

तेव्हा तिने सगळंच सांगितलं. जावळ, पंगत, कमी पडलेली पुरणपोळी. रायाजीने सगळं ऐकलं, त्याला ते पटलंही. पण त्याने मान खाली घातली. "बाई, आण मोडलेल्या तोंडाची साक्ष या चावडीत चालत नाही. तसा कायदाच आहे."

भिवराने पुतळाआत्याकडे पाहिलं. आत्या रागावलीसुद्धा नाही. "चल," एवढंच म्हणाली, "भांडी बांधायला घेऊ."

मायलेकींना सोडलं, पण पेठ खाली झाली. धान्य कुणी नेलं ते पुढेही कळलं नाही. रायाजीने कोतवाली सोडली आणि चावडीच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विनवणी करत राहिला, म्हणे: काही फुटो, काही हरवो, लेकराला तेवढं 'कोणी केलं' म्हणून विचारू नका. आजही तळकोटात कुणी विचारत नाही. मडकं फुटलं तर नवं आणतात, शाळेत पाटी हरवली तर मास्तर दुसरी देतात.

का, ते वेशीवरच्या दगडापाशी कळतं, असं बापूशेट सांगतात. पेठेची माणसं तिथून बाहेर पडत होती. बायका रडत होत्या, पुरुष मागे वळून बघत नव्हते. मंजी आईच्या कडेवर होती. तिने सगळ्यांचे चेहरे एकेक करून निरखले. मग आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "आई, मी कोठार परत नीट करून येते. मला खाली सोड."